आठच्या गोळीची राखण

संध्याकाळी आठ वाजले की आजही माझी नजर आधी दाराकडे जाते आणि मग गोळ्यांच्या बाटलीकडे. खरं तर आता दाराची काळजी करायचं काही कारण उरलेलं नाही. बमरोलीच्या या खोलीला आतून चांगली कडी आहे, स्वतःचा नळ आहे, आणि शेजारच्यांना दुसऱ्याच्या घरात डोकवायला वेळ नाही. मुलगी दुसरीत आहे. शाळा गुजराती, त्यामुळे ती अभ्यास करता करता "मम्मी, आठ वागी गया" म्हणते आणि पुन्हा वहीत डोकं घालते. आईला ही गोळी रोज लागते, एवढंच तिला माहीत आहे. मोठी झाली की बाकीचं सांगेन. पण दाराकडे बघायची माझी खोड काही जात नाही, कारण त्या दारात कुणीतरी पाठमोरं बसलेलं असावं असं मला अजून वाटतं.

तेव्हा आम्ही याच शहरात, गोडादऱ्याला राहायचो. समोरासमोर बारा खोल्या आणि मधे दोन माणसं अंग चोरून जातील एवढा बोळ. बहुतेक सगळे आमच्यासारखेच खानदेशातले, कुणी अमळनेरकडचे, कुणी शिंदखेड्याचे, आणि एक घर परभणीचं. पुरुष पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये नाहीतर लूमवर. बायका बोळात सतरंजी टाकून साड्यांना स्टोन लावायच्या. मांडीवर साडी, एका हातात गमची नळी, दुसऱ्या हाताशी स्टोनची प्लास्टिकची डबी, आणि तोंडं अखंड चालू. तो चमकणारा खडा घरात कुठं सापडेल याचा नेम नसायचा. पोरांच्या केसांत, अंथरुणात, एकदा तर भाकरीतसुद्धा. बाकीच्यांच्या बायका भाकरीत मीठ घालायला विसरतात, माझी हिरे घालते, असं माझा नवरा सगळ्यांना सांगत सुटायचा. आता तेच काम मशीनवर होतं म्हणतात. होऊ दे. पण गमचा तो उग्र वास कुठं आला तर मला आजही तिथं जाऊन बसावंसं वाटतं.

माझ्या खोलीला लागून मावशीची खोली. मावशी सख्खी नव्हे, नात्यातलीही नव्हे. आमच्या तालुक्याची, एवढ्या नात्यावर ती सगळ्या ओळीची मावशी झाली होती. नवरा कधीच गेला होता, मुलगा गावी शेती बघायचा. ही एकटी इथं राहायची आणि आम्हा सगळ्यांवर राज्य करायची. कुणी किती वेळ नळ अडवायचा, कोणाच्या भांडणात कोणी पडायचं नाही, हे सगळं तिच्या शब्दावर चालायचं. मी तोंडाची फटकळ. माझं बाकी कुणाशी पटो न पटो, तिच्याशी पटायचं, कारण ती माझ्याहून फटकळ होती.

तिचा एक नियम होता. ओळीतली कुठलीही बाई गरोदर राहिली की अंगणवाडीतून मिळणाऱ्या गोळ्या तिनं मावशीच्या देखत घ्यायच्या. सकाळी, चूळ भरून झाली की, चहाच्या आधी. आपल्याकडं लोहाच्या लाल गोळ्यांनी पोर काळं होतं, फार मोठं होतं, असं काय काय बोलतात आणि बायका त्या गोळ्या गुपचूप गटारीत टाकतात. मावशीच्या मुलीनं तेच केलं होतं. बाळंतपणात तिच्या अंगात रक्तच उरलं नव्हतं आणि ती गेली. हे मावशीनं मला एकदाच सांगितलं, तेही साडीवरून मान वर न करता. तेव्हापासून ती प्रत्येकीच्या समोर पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची आणि गोळी गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला लावायची. आम्ही हसायचो, पण जीभ दाखवायचो.

आता माझं सांगते. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्याचा ताप जाता जाईना, तेव्हा सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि दोघांनाही एचआयव्ही निघाला. त्या दिवसांबद्दल मला फार लिहायचं नाही. भांडून झालं, रडून झालं, मग दोघांनीही गोळ्या सुरू केल्या. दिवसाला एकच गोळी, पण जन्मभर, आणि रोज ठरलेल्या वेळी. आम्ही संध्याकाळी आठची वेळ धरली. नवऱ्याचं सोपं होतं. तो मिलमध्ये असला तर तिथंच खिशातून काढून गिळायचा. पुरुषाच्या खिशात काय आहे हे कुणी विचारत नाही. बाईच्या डब्यात काय आहे ते मात्र साऱ्या ओळीला माहीत असतं.

त्यात आठला मावशीच्या खोलीत टीव्हीवर मालिका लागायची आणि सगळ्या बायका तिथं जमायच्या. एखादी दिसली नाही की लगेच पोर पाठवून हाक. मी कधी साडेसातलाच गोळी उरकायची, कधी मालिका संपल्यावर, कधी पदरात बांधून न्हाणीत जाऊन. बाटली तांदळाच्या डब्यात खोल पुरलेली. बाटली वाजू नये म्हणून वरून कापूस. गोळी चुकू दिली नाही एकही, पण चोरी करावी तशी घेतली. तरी औषधानं आपलं काम केलं. दीड वर्षानं तपासणीत रक्तात विषाणू सापडेनासा झाला, आणि या गोळ्या मिळायच्या त्या सेंटरवरच्या समुपदेशक बेन म्हणाल्या की आता मूल हवं असेल तर विचार करा. गोळी नीट चालू राहिली तर बाळाला धोका अगदी कमी.

मला दिवस गेले आणि अंगणवाडीतून लाल गोळ्या आणि पांढऱ्या गोळ्या आल्या. लाल लोहाची, पांढरी कॅल्शियमची. पहिल्या सकाळी मावशी पेला घेऊन उभी राहिली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी गोळीसुद्धा पांढरीच होती. दोन पांढऱ्या आणि एक लाल, कोण विचारणार होतं? दुसऱ्या दिवसापासून मी तांदळाच्या डब्यातून एक गोळी काढून स्टोनच्या रिकाम्या डबीत टाकायची आणि तिन्ही गोळ्या मावशीच्या पेल्यानं, सगळ्यांच्या देखत, एकदमच गिळायची. वर जीभही दाखवायची.

काय सांगू, मला किती बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ती गोळी उजेडात घेत होते, चार बायकांत बसून, हसत. शेजारची पोरगी, तिलाही दिवस गेलेले, माझ्याबरोबरच तिच्या गोळ्या घ्यायची. "पोटले गोयी लागू दे, मंग चहा," असं मावशी दोघींनाही आमच्या खानदेशी बोलीत दटावायची. आपणही इतर बायकांसारख्याच आहोत असं त्या सकाळी मला वाटायचं. माझ्या हुशारीवर मी स्वतःच खूश होते. वेळ बदलली हे बेनना विचारावं असं एकदाही मनात आलं नाही. गोळी तर रोज पोटात जातेय, मग विचारायचं काय? आठव्या महिन्यापर्यंत हे असंच चाललं.

आठव्या महिन्यात सेंटरवर पुन्हा रक्त घेतलं. निकाल घ्यायला गेले तर बेननी मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि दार लोटलं. विषाणू परत दिसत होता. फार नाही, पण दिसत होता, आणि बाळंतपण तोंडावर आलेलं. त्यांनी बाटली मागितली, गोळ्या मोजल्या. हिशोब चोख. मी भडकलेच. एक जरी गोळी चुकली असेल तर माझी जीभ झडो, असं मोठ्यानं म्हणाले. त्या रागावल्या नाहीत. गोळी कधी घेतेस, कशाबरोबर घेतेस, सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जातं ते सांग, म्हणाल्या. मी सांगत गेले. चूळ भरली, मग तिन्ही गोळ्या.

"त्रणे साथे? भूख्या पेटे?" त्यांनी विचारलं.

हो, तिन्ही एकदम, उपाशीपोटी. त्यांनी कपाळाला हात लावला, माझ्या नव्हे, स्वतःच्या. मग समजावलं. लोह आणि कॅल्शियम रिकाम्या पोटी या गोळीबरोबर गेले तर तिला पोटात धरून ठेवतात, रक्तात पुरती उतरू देत नाहीत. म्हणजे गोळी गिळली जायची, पण तिचा बराचसा भाग वाया. बंद यातली एकही करायची नव्हती. मला तिन्ही लागणारच होत्या. फक्त त्यांच्या वेळा वेगळ्या करायच्या होत्या. कॅल्शियम न्याहारीबरोबर, लोह दुपारच्या जेवणानंतर, आणि ही गोळी पुन्हा संध्याकाळी आठला, म्हणजे मधे सहा तास सहज जातात. आम्लपित्ताचं औषध, ताकदीची गोळी, काहीही नवीन घ्यायचं तर आधी विचारायचं. आणि डबीबिबी बंद, गोळ्या त्यांच्या बाटलीतच राहू द्यायच्या, ओल लागली की बिघडतात. बाळाचं काय, मी विचारलं. अजून वेळ आहे, त्या म्हणाल्या, आजपासून नीट घे, आपण पुन्हा तपासू.

रिक्षात मी पोटावर हात ठेवून बसले होते. आपण आपल्या हातानं बाळाला विष दिलं असं मला वाटत होतं. आणि खरं सांगते, घर येईपर्यंत तो सगळा राग मी स्वतःवरून काढून दुसऱ्याच माणसावर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पेला घेऊन आली. मी म्हटलं, मी आता जेवल्यावर घेईन. तिला ते मान्य होईना. रिकाम्या पोटीच गोळी अंगी लागते, आळस करू नको, असं म्हणून तिनं माझा हात धरला. परभणीची बाई बघत होती, शेजारची पोरगी बघत होती.

"मना हातनी गोयी तुले नको?" मावशी हसतच म्हणाली.

"नकोच," मी म्हणाले. "तुझ्या हातच्या गोळीनंच माझं वाटोळं झालंय."

मावशीनं पेला खाली ठेवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली. तिच्या मुलीबद्दल ओळीत सगळ्यांना थोडंफार माहीत होतं. मी काय बोलून बसले ते माझ्या तोंडून निघाल्यावर मला कळलं.

त्या दिवशी माझ्या हातून एकही स्टोन सरळ बसला नाही. दुपारी सगळ्या पडल्या तेव्हा मी मावशीच्या खोलीत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मी दार लोटून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं. कुठला आजार, केव्हापासून, तांदळाचा डबा, स्टोनची डबी, तिन्ही गोळ्या. चूक तुझी नाही, माझी आहे, मी तुझ्या मायेआड लपले, असंही सांगितलं. रडू आवरत नव्हतं तरी सगळं सांगितलं.

"पोरले काही व्हयी का?" शेवटी तिनं एवढंच विचारलं.

माहीत नाही, मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि घरी जा म्हणून हातानं खूण केली. मी उठले. झालं, संपलं, मला वाटलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या ओळीत बोभाटा होईल, उद्या नळावर माझी बादली कुणी आपल्या बादलीशेजारी ठेवणार नाही, परवा खोली सोडायला लागेल. नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलंसुद्धा नाही. माझ्या फटकळ तोंडाचा मला त्या दिवसाइतका तिटकारा कधी आला नव्हता.

सकाळी बोळात सगळ्या जमल्या. मावशी पेला घेऊन आली. शेजारच्या पोरीला तिच्या गोळ्या दिल्या, जीभ बघितली. मग माझ्याकडे वळली आणि बाराही खोल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुले डाक्टरनी जेवनंतर सांगेल शे ना? मंग जेवनंतरच ले. कोनं ऐकू नको, मनंबी नही."

परभणीची बाई काहीतरी विचारणार होती, पण मावशीनं तिला साडीच्या गठ्ठ्याची गाठ सोडायला बसवलं. विषय तिथंच मिटला.

त्या संध्याकाळी मालिकेचं गाणं लागलं. बायका नेहमीसारख्या मावशीच्या खोलीत शिरल्या. आणि मावशी, त्या टीव्हीची मालकीण, माझ्या दारात आली. एका हातात तांदळाचं सूप. माझ्या उंबऱ्यावर बोळाकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून बसली आणि तांदूळ निवडायला लागली. तिची पाठ चांगली रुंद होती, दार पुरतं भरून जायचं. मी तिच्या मागं उभी राहून बाटली उघडली, गोळी घेतली, पाणी प्याले. बाटलीचं झाकण लावल्याचा आवाज झाल्यावर ती उठली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. टीव्हीनं डोळे चुरचुरतात, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कुणाचं पोर मला बोलवायला आलं की उंबऱ्यावरूनच ती त्याला पळवून लावायची. मला घड्याळाची गरजच उरली नाही. दारात पाठ दिसली की आठ वाजले. मी पुष्कळदा म्हणाले, मावशी, दार लावून घेते मी, तू जा तुझी मालिका बघ. दार लावलं की माणसं विचारतात, माणूस बसलं की विचारत नाहीत, असं तिचं म्हणणं. ते खरंच होतं.

बाळंतपणाआधी पुन्हा रक्त तपासलं, आकडा खाली आला होता. मुलगी सरकारी दवाखान्यातच झाली. तिला थेंबाचं औषध सुरू केलं, आणि आठव्या महिन्यात माझ्या रक्तात विषाणू परत दिसला होता म्हणून ते जरा जास्त दिवस द्यायला सांगितलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. ओळीतल्या बायका मध आणि गुटी घेऊन यायच्या, मावशी त्या दारातूनच परत करायची. माझ्या सासूनं गावाहून पाठवलेली गुटीची पुडी तर तिनं मला न विचारता चुलीत घातली. दीड महिन्याची तपासणी चांगली आली, सहा महिन्यांची चांगली आली. पण अठरा महिन्यांनंतरची तपासणी होईपर्यंत नक्की काही म्हणता येत नाही, असं बेननी सांगितलं होतं. ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोरगी शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची.

मधल्या काळात ती मालिका संपली. शेवटच्या दिवशी मावशीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका रडतायत ते भिंतीतून ऐकू येत होतं. मावशी माझ्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. शेवट काय झाला ते तिनं नंतर सगळ्यांना तीन तीनदा विचारलं, पण प्रत्येकीनं वेगळंच सांगितलं.

अठरा महिने झाले, रक्त दिलं, आणि ठरलेल्या दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन निकाल आणायला गेले. बेन दारातच हसल्या. मुलीला काही नाही. काहीच नाही. मी तिथल्या बाकावर बसून इतकी रडले की एका अनोळखी बाईनं मला धीर धर म्हणून सांगितलं. परत यायला उशीर झाला. रस्त्यात मी मुलीला केळं घेऊन दिलं आणि नवऱ्याला फोन केला. पलीकडून नुसता मिलच्या मशीनचा आवाज ऐकू येत राहिला.

बोळात शिरले तेव्हा आठ वाजायला आले होते. मी घरात नव्हते तरी मावशी माझ्या बंद दाराच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती. सूप मांडीवर, तांदूळ तसेच. मी कुलूप काढता काढता तिच्या कानाशी वाकून सांगितलं. तिनं मुलीला जवळ ओढलं, तिच्या पायांवरून हात फिरवला, दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. पदरानं डोळे पुसले. मग गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडं वर पाहिलं.

"आते उठू का मी?"

ती वीस महिने कशासाठी बसली होती ते मला तेव्हा पुरतं कळलं. मला वाटायचं ती माझं गुपित राखतेय. ती त्या पोरीला राखत होती, आपल्या हातून जे झालं असं तिला वाटत होतं ते फेडत होती. चूक तुझी नाही हे मी सांगितलं होतं, पण तिनं ते कधी मानलंच नव्हतं. माझ्या त्या एका वाक्याचं ओझं ती रोज आठला माझ्या दारात घेऊन बसत होती. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि तिचा हात धरला.

ऊठ, मावशी, मी म्हणाले. पोरगी सुटली. माझी गोळी काय, ती तर जन्माचीच आहे, ती मी घेईन माझी माझी.

आतून नव्या मालिकेचं गाणं ऐकू येत होतं. तिनं सूप पुन्हा नीट मांडीवर घेतलं, बोळाकडे तोंड केलं आणि म्हणाली, "मंग ले ना. मी बठेल शे."

मी आत जाऊन गोळी घेतली.